कपाळ कापलेला बाप

पंधरा टेक होते आणि पंधराही टेकमध्ये हात नव्हते.

मी पुन्हा पहिल्यापासून बघितलं. कधी कधी आपलंच चुकतं, चष्मा पुसला की दिसतं. चष्मा पुसला. नायकाचा चेहरा पडदाभर होता, डोळ्यांत पाणी होतं, ओठ थरथरत होते, केसन् केस जागच्या जागी होता. मधूनच खालच्या कडेला दोन बोटांची टोकं वर यायची आणि लगेच बुडायची. बास. चाळीस सेकंद तो बाप घर सोडून निघालेल्या मुलीशी बोलत होता, आणि तो जे बोलत होता ते सगळं चौकटीच्या खाली, कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या जागी चाललं होतं. कारण चित्रपटातल्या त्या बापाला ऐकू येत नाही. तो हातांनी बोलतो. आणि आमच्या थोर दिग्दर्शकानं हातांनी बोलणाऱ्या माणसाचे शॉट घेताना नेमके हातच कापले होते.

माझ्या डोक्यात तिडीक गेली.

मी चित्रपट जोडते. बाकीचे लोक महिनोन्महिने उन्हातान्हात फिरून ढीगभर चित्रण करतात, आणि मग तो ढीग माझ्यापुढे आणून ओततात. त्यातून निवडायचं, कापायचं, जोडायचं. सव्वीस वर्षं हेच करतेय. माझी खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. खिडकी नाही, भिंतींना आवाज शोषणारं जाड कापड, एक मोठा पडदा, दोन छोटे, आणि स्प्रिंग बाहेर आलेला एक सोफा, ज्यावर बसून प्रत्येक दिग्दर्शक मला अक्कल शिकवतो. दाराशेजारी दिव्याचं बटण आहे. जो कोणी बघायला येतो तो आधी ते बंद करतो, मग बसतो. या खोलीची ती रीतच आहे.

एरवी मी चिडते आणि कामाला लागते. या वेळी तसं होईना, कारण ते चाळीस सेकंद माझ्या दादाचे होते.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. जन्मापासून ऐकू येत नाही. अडतीस वर्षं छापखान्यात काढली. तिथं यंत्रांच्या घरघरीनं सगळ्यांचेच कान हळूहळू गेले. दादा म्हणायचा, मी घरूनच घालवून आलो होतो, माझा वेळ वाचला. म्हणायचा म्हणजे अर्थात हातांनी. त्याच्या भाषेत माझं नावही वेगळं आहे. दोन बोटं खांद्यावरून झटक्यात मागे न्यायची. लहानपणी भांडताना मी वेणी अशी मागे फेकायचे, त्यावरून त्यानं ते ठेवलं. आई गेल्यापासून त्या नावानं मला हाक मारणारा जगात तो एकटाच उरला आहे.

आणि भांडायचो आम्ही खूप. मी फटकळ, तो चिवट. तो शांतपणे मुद्द्यामागून मुद्दा काढत जायचा आणि मी हरायला लागायचे. मग माझ्याकडे एक हुकमी उपाय होता. उठायचं आणि दिवा बंद करायचा. अंधारात त्याचं बोलणं कोणाला दिसणार? भांडण संपलं, मी जिंकले. आई हसायची. दादाही दुसऱ्या दिवशी हसायचा.

शेवटचं असं मी केलं ते अकरा वर्षांपूर्वी. तेव्हा माझी वेणी कधीच गेली होती आणि वयाची चाळिशी उलटली होती. आई दादाकडे राहायची. तिची तब्येत उतरणीला लागली होती. मी ठरवलं की तिला माझ्याकडे न्यायचं. एका संध्याकाळी दादाच्या घरी उभी राहून मी त्याला म्हणाले, "रात्री तिनं हाक मारली, तर तुला ऐकू येणार आहे का?" तो गोरामोरा झाला. मग त्याचे हात वर आले. मला पुढचं काही ऐकायचं नव्हतं. मी भिंतीवरचं बटण दाबलं आणि चालती झाले. दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन गेले, तर त्यानं आईची पिशवी भरून दाराशी ठेवली होती. त्या विषयावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. आई माझ्याकडे सात महिने होती. शेवटी शेवटी तिचं जरा काहीबाही चालायचं. झोपताना दोरी मागायची. "दोरी कुठं ठेवलीस गं?" मी म्हणायचे, "आई, दोरी कशाला हवी आता, झोप." मग झोपायची बिचारी.

असो. सांगत होते चित्रपटाचं.

दिग्दर्शकाला माझ्याकडूनच दादाबद्दल कळलं आणि त्याला उमाळा आला. "ताई, तुमच्या दादांनाच घेऊ या ना शिकवायला. खरेपणा येईल." दोन महिने नायक दर रविवारी दादाकडे गेला. दादानं त्यासाठी नवीन शर्ट शिवून घेतला. मला म्हणाला, मुलगा चांगला आहे, बोटं जड आहेत पण मन लावून करतो. मग त्या निरोपाच्या प्रसंगासाठी दिग्दर्शकानं दादाला एक चिठ्ठी लिहून दिली: 'बाप मुलीला निरोप देतो. चाळीस सेकंद. भावनिक करा.' दादाला मूलबाळ नाही. पण आठ दिवस बसून त्यानं ते बोलणं बसवलं आणि नायकाकडून घोटून घेतलं. मला मात्र काही सांगेना. विचारलं की म्हणायचा, पडद्यावर बघ, तुझं कामच ते.

शिवाय येत्या शुक्रवारी दुपारी त्याच्या मंडळासाठी खास खेळ ठेवला होता. साठेक माणसं येणार होती, बहुतेकांना दादासारखंच ऐकू न येणारी. दादानं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की त्यातलं निरोपाचं बोलणं आपलं आहे. आणि माझ्यासमोर पंधरा टेक होते, ज्यांत त्याच्या बोलण्याचं नखसुद्धा नव्हतं.

सोमवारी सकाळी मी दिग्दर्शकाला आणि कॅमेरामनला बोलावून घेतलं. दिग्दर्शकानं आल्या आल्या दिवा बंद केला आणि सोफ्यावर बसला. मी शॉट लावला.

"हात कुठे आहेत?" मी विचारलं.

"कुठले हात?" कॅमेरामन म्हणाला.

कपाळाला हात लावावा की त्याच्या कानाखाली, हे मला क्षणभर ठरवता येईना.

"ताई," दिग्दर्शक समजुतीच्या सुरात म्हणाला, "भाव चेहऱ्यावर असतात. काय रडलाय बघा ना तो! एक थेंब खोटा नाही."

"आणि शब्द?"

"शब्द खाली लिहून येतील की."

"बघू."

त्यानं खिशातून कागद काढला. स्वतः लिहिलं होतं, त्यामुळे वाचताना आवाज आपोआप ओला झाला. "लेकी, एकदा, फक्त एकदा तुझा आवाज ऐकायला मिळाला असता, तर हा जन्म सार्थकी लागला असता."

"दादानं हेच शिकवलंय?"

"साधारण."

"साधारण म्हणजे?"

"म्हणजे ते हातवारे नेमके काय आहेत ते मला ठाऊक नाही. पण भावना हीच असणार ना? ऐकू न येणाऱ्या माणसाला दुसरं काय वाटणार?"

चित्रण करून हा माणूस मोकळा झाला होता आणि आपल्या नायकाच्या तोंडी, म्हणजे हाती, कोणती वाक्यं आहेत ते त्याला माहीतच नव्हतं. विचारायचंही सुचलं नव्हतं. दुसऱ्या कुठल्या प्रसंगात नायकानं एक शब्द इकडचा तिकडे केला की हाच माणूस सेट डोक्यावर घेतो. आणि माझा आवाज ऐकायची हौस म्हणाल, तर दादाला ती कधीच नव्हती. माझा आवाज कानी न पडणं ही त्याच्या आयुष्यातली मोठी सोय आहे, यावर आमच्या घरात सगळ्यांचं एकमत होतं.

"ते हातवारे नाहीत," मी म्हणाले, "ती भाषा आहे. वाहतुकीचा पोलीस करतो ते हातवारे."

"तेच हो ते."

"तेच नाही!"

पण सांगून उपयोग होईना. कॅमेरामन म्हणाला, हात घ्यायचे तर लांब जावं लागतं, लांब गेलं की चेहरा लहान होतो, चेहरा लहान झाला की नायक नाराज होतो. दिग्दर्शक म्हणाला, लोक डोळे बघायला येतात. दोघं एकमेकांकडे बघून माना डोलवत होते. मी त्यांना घालवून दिलं.

दुपारभर मी एक उद्योग केला. दिग्दर्शकाचा सगळ्यात लाडका प्रसंग काढला. मुलगी मैत्रिणीला आपल्या बापाविषयी सांगते, दोन मिनिटं एका दमात. संवाद त्यानं स्वतः लिहिले होते आणि भेटेल त्याला तोंडपाठ म्हणून दाखवायचा. मी त्याचा आवाज बंद केला. चित्र मोठं करून वर सरकवलं, म्हणजे मुलीचे नुसते डोळे आणि कपाळ उरलं, तोंड चौकटीच्या खाली गेलं. आणि खाली ओळ टाकली: 'मला भूक लागली आहे, पण बाहेरचं खायचं नाही.'

मंगळवारी सकाळी तो आला, दिवा बंद केला, बसला. मी लावलं.

पाच सेकंद त्याला वाटलं यंत्र बिघडलं. मग तो ताडकन उठला. "हे काय आहे?"

"भाव चेहऱ्यावर आहेत ना?"

"माझे संवाद कुठे गेले?"

"खाली लिहिलेत की. साधारण."

"ताई, थट्टा करू नका! त्या प्रसंगासाठी मी तीन आठवडे घासलीय!"

"माझ्या दादानं आठ दिवस घासलीय. चाळीस सेकंदांसाठी."

तो नरमला. पटलं म्हणून नव्हे. कोणी असं चिमट्यात पकडलं की माणूस जसा नरमतो तसा. मग कुरकुरत म्हणाला, "एक लांबचा शॉट आहे. एकच. सकाळी आल्या आल्या घेतलेला. त्यात असतील तुमचे हात. पण तो बाद आहे. माइक आलाय."

"कसला माइक?"

"आवाजवाल्याचा. वरून लोंबकळतोय."

"त्या प्रसंगात कोणीही बोलत नाही."

"हो."

"बाप हातांनी बोलतो. मुलगी रडते. तिथं माइक कशाला?"

दिग्दर्शकानं खांदे उडवले. मी तिथल्या तिथे आवाजवाल्याला फोन लावला. सज्जन माणूस आहे, केस पांढरे झाले याच कामात. तो म्हणाला, "ताई, तळहातावर तळहात आपटतो ना, बोटांवर बोटं घासतात, शर्टाची बाही सळसळते, फार गोड येतो हो तो आवाज. जवळून घ्यावा म्हणून जरा खाली आणला. कॅमेऱ्याची चौकट एवढी वरपर्यंत असेल असं वाटलं नव्हतं." ज्यांना आवाज हवाय त्यांच्यासाठी यानं शॉट घालवला, आणि ज्यांना हात हवेत त्यांना कोणी विचारलंच नाही. एका बहिऱ्या बापाच्या कथेत सगळ्यांना सगळं सुचलं, फक्त तो बोलतो कसा तेवढं सोडून. मी फोन ठेवला आणि दिग्दर्शकाला म्हणाले, तुम्ही जा, मला शोधू दे.

बाद ठरवलेल्या ढिगात तो शॉट होता. नायक कमरेपासून वर, घराच्या दारात उभा. डोक्यावर राखाडी केसाळ माइक, मांजराच्या शेपटीसारखा लोंबणारा आणि हळूहळू हलणारा. पहिल्यांदा मला त्या माइकचाच एवढा राग आला की हातांकडे लक्षच गेलं नाही. पुन्हा लावला.

नायकानं दोन बोटं खांद्यावर ठेवली आणि झटक्यात मागे नेली.

मी शॉट थांबवला. मागे नेला. परत बघितलं. हे माझं नाव आहे असं नायकाला कोणी सांगितलं नव्हतं. त्याला वाटलं असेल, 'मुलगी' या शब्दाची ही खूण असावी. दिग्दर्शकाला काहीच वाटलं नसेल. पन्नास माणसांच्या देखत तो नट त्या दारात उभा राहून मला माझ्या नावानं हाक मारत होता, आणि त्या पन्नासांतल्या एकालाही त्याचा पत्ता नव्हता.

पुढचं बोलणं असं होतं. बोटं जड होती, मधे अडखळत होती, पण स्वच्छ वाचता येत होतं.

'तू चिडतेस. चीड. भांड माझ्याशी. जा कुठं जायचं तिथं. पण भांडताना दिवा बंद करू नकोस. दिवा बंद केलास की तुला वाटतं मी गप्प बसलो. मी गप्प बसत नाही. अंधारात बोलत राहतो, आणि तुला दिसत नाही.'

'दिवा बंद'साठी त्यानं अंगठ्यानं भिंतीवरचं बटण वर ढकलून दाखवलं. दादाच्या घरी जुनी बटणं आहेत, तशीच वर ढकलावी लागतात.

मी उठून खोलीतला दिवा लावला. तो शॉट आणखी चार वेळा बघितला. मला दादाला तिथल्या तिथे व्हिडिओ कॉल करता आला असता, की हे तू माझ्याविषयी बोलला आहेस का. केला नाही. भीती वाटली, दुसरं काय. त्यापेक्षा नायकाचं कपाळ कापणं सोपं होतं.

कारण माइक घालवायचा तर एकच मार्ग होता. संगणकावर पुसून देणारी माणसं असतात, पण त्यांनी पुढच्या आठवड्याचा वायदा केला आणि खेळ तर शुक्रवारी होता. मग चित्र मोठं करायचं आणि वरचा भाग कापायचा. माइक जिथपर्यंत खाली येत होता तिथपर्यंत कापलं, तर नायकाचे केस आणि कपाळ जात होतं, भुवयांपर्यंत. भुवया मात्र मी वाचवल्या. दादाच्या भाषेत प्रश्न भुवयांत असतो, राग भुवयांत असतो. हात आणि भुवया दोन्ही हव्यात, कपाळाचं काही काम नाही. बसवलं. चाळीस सेकंद, एकही तुकडा न जोडता, सलग. नायकाचे डोळे होते, रडणं होतं आणि दोन्ही हात होते.

बुधवारी दिग्दर्शकानं ते बघितलं आणि किंचाळला.

"तुम्ही त्याचं डोकं उडवलंत!"

"कपाळ. डोकं आहे."

"ताई, त्याच्या केसांसाठी सेटवर वेगळा माणूस असतो! लोक केस बघायला येतात!"

"परवा डोळे बघायला येत होते."

"असा शॉट कोणी लावतं का? नायकाचं डोकं कापलेलं? लोक म्हणतील कॅमेरामन झोपला होता."

"आणि हात कापल्यावर काय म्हणत होते? जागा होता?"

त्यावर तो जे बोलला ते इथं लिहीत नाही. मीही जे बोलले ते लिहीत नाही. खोलीच्या भिंतींना जाड कापड आहे म्हणून बरं, नाहीतर खालच्या मजल्यावरून लोक आले असते. शेवटी तो म्हणाला, "ठीक आहे. उद्या तुमच्या दादांनाच बोलवा. दोन्ही दाखवू. त्यांना जवळचा शॉट आवडला, तर तुम्ही एक शब्द बोलायचा नाही." त्याला खात्री होती. एवढा सुंदर रडलेला चेहरा कोणाला आवडणार नाही?

गुरुवारी सकाळी दादा आला, तोच नवा शर्ट घालून. त्याला माझी खोली आवडत नाही. तळघरासारखी आहे म्हणतो. दिग्दर्शकानं पुढे होऊन त्याचे दोन्ही हात हातात घेतले, म्हणजे त्याचं बोलणंच बंद केलं, आणि मोठमोठ्यानं म्हणाला, "या, या दादा!" मग दिवा बंद करून आम्ही बसलो.

दिग्दर्शकाचा शॉट लागला. संगीत लागलं. नायक रडला. खाली ओळ आली: एकदा, फक्त एकदा तुझा आवाज. दादानं सगळं शांतपणे बघितलं. संपल्यावर दिग्दर्शकानं दिवा लावला आणि त्याच्याकडे आशेनं पाहिलं.

दादा माझ्याकडे वळला. विचारलं. मी दिग्दर्शकाला सांगितलं, "दादा विचारतोय, याचे हात कसे गेले? अपघातात?"

दिग्दर्शकाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "नाही नाही, हात आहेत, खाली आहेत!"

मी ते दादाला सांगितलं. दादा म्हणाला, "हां. मग हा बोलत का नाही? गप्प राहून नुसता रडतोय. मुलीवर रुसलाय का?"

त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच तसं दिसलं होतं. त्याच्या मंडळातल्या साठ माणसांनाही उद्या तसंच दिसणार होतं. दिग्दर्शक घाम पुसायला लागला. मी माझा शॉट लावला. दिवा चालूच राहिला, कारण कोणाला उठायचं भान नव्हतं.

पडद्यावर कपाळ कापलेला बाप आला. दोन बोटं खांद्यावरून मागे गेली. दादा पुढे सरकून बसला. त्याच्या मांडीवर त्याची बोटं नायकाबरोबर हलत होती, जिथं नायक अडखळला तिथं थांबत होती. माझ्याकडे त्यानं एकदाही बघितलं नाही. मी मात्र पडदा सोडून त्याच्याकडेच बघत होते.

शॉट संपला. दिग्दर्शक हळूच म्हणाला, "हे काय म्हणतोय तो?"

आता विचारलं. चित्रण होऊन दोन महिने झाल्यावर, खेळाच्या आदल्या दिवशी. तरी विचारलं हेही काही कमी नव्हतं. मी सांगायला लागले. एकेक वाक्य. चिडतेस. चीड. दिव्यापाशी आल्यावर मी पडद्याकडे तोंड फिरवलं. आणि पुढचं सांगून टाकलं.

दिग्दर्शक म्हणाला, "ठेवा हाच. केसांचं मी बघतो." आणि मग सवयीनं उठला. "पुन्हा एकदा नीट बघू या." त्याचा हात दाराशेजारच्या बटणाकडे गेला.

"दिवा बंद करू नका!"

मी एवढ्या जोरात ओरडले की दिग्दर्शक दचकून मागे झाला. दादाला अर्थातच काही ऐकू गेलं नाही. पण त्यानं बटणाकडून मागे आलेला हात पाहिला, माझं उघडं तोंड पाहिलं, आणि त्याला समजलं. त्याला नेहमीच समजतं. दिग्दर्शकही तेवढा शहाणा निघाला. चहा सांगून येतो म्हणाला आणि बाहेर गेला.

मी दादासमोर खुर्ची ओढून बसले. माझे हात आता गंजलेत, वर्षावर्षात एवढं बोलायची वेळ येत नाही. तरी विचारलं. "आईला न्यायचं ठरलं त्या दिवशी. मी दिवा बंद केला. तू अंधारात काय म्हणत होतास?"

त्यानं डाव्या हाताचं मनगट उजव्या हाताच्या बोटांनी धरलं, आणि त्याभोवती काहीतरी गुंडाळून गाठ मारून दाखवली. मग ते टोक हवेतून ओढत नेलं आणि माझ्या मनगटाला बांधलं.

"ऐकू येत नाही म्हणून मी दोरी बांधून झोपतो," तो म्हणाला. "एक टोक तिच्या हाताला, एक माझ्या. तिनं ओढलं की मी उठतो. तिला घेऊन जा, पण दोरी बांध. एवढंच म्हणत होतो."